माउंजारो चालू आहे, दिवाळीनंतर बाळाचा विचार आहे. इंजेक्शन नेमकं कधी बंद करायचं?

जुळे_सोलापूरकर यांचा प्रश्न:

वहिनीसाठी विचारतेय. वय ३१, उंची १५८ सें.मी., वजन ९४ वरून ८४ किलोवर आलंय. पीसीओएस आहे (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास). वजनासाठी टिर्झेपटाइडचं इंजेक्शन (माउंजारो) आठवड्यातून एकदा, सध्या ५ मि.ग्रॅ., पुढच्या महिन्यात ७.५ करायचं ठरलंय. सोबत मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा, पाळी नियमित यावी म्हणून गर्भनिरोधक गोळी, बीपीसाठी टेल्मिसार्टन ४०. एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची सरासरी) ६.२.

दिवाळीनंतर प्रयत्न सुरू करायचे आहेत. इंजेक्शन किती आधी थांबवायचं याची तीन उत्तरं मिळाली: एक महिना, दोन महिने आणि एका ग्रुपवर चक्क सहा महिने. बरोबर कोणतं? मध्येच दिवस राहिले तर काय? आणि थांबवल्यावर वजन परत चढलं तर एवढे पैसे पाण्यात गेले म्हणायचं का? अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी आहे. तिथे काय काय विचारायचं तेवढं तरी कळू दे.

औषधवाला_सातरस्ता:

एक आणि दोन हे दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते दोन वेगळ्या औषधांचे आहेत. दोन महिने हा सेमाग्लुटाइडचा आकडा, म्हणजे वेगोव्ही, ओझेम्पिक, रायबेल्सस आणि त्याच घटकाचे बाकीचे ब्रँड. एक महिना टिर्झेपटाइडचा. ब्रिटनच्या औषध नियामकाने जून २०२५ मध्ये दोन्ही कालावधी लोकांना स्पष्ट करून सांगितले. सहा महिन्यांना या औषधांच्या बाबतीत काही आधार नाही. वजनाच्या ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात, त्याचीच कुणीतरी खिचडी केली असावी.

फरक का, तर औषध शरीरातून जायला लागणारा वेळ. सेमाग्लुटाइड साधारण ७ दिवसांत निम्मं होतं. म्हणजे शेवटच्या डोसनंतर पाच आठवड्यांनीही बत्तिसावा भाग रक्तात असतो. टिर्झेपटाइड साधारण ५ दिवसांत निम्मं होतं, त्यामुळे तीस दिवसांनी चौसष्टावा भाग उरतो. लिराग्लुटाइड रोज टोचायचं, ते १३ तासांत निम्मं होतं आणि दोन-तीन दिवसांत जवळजवळ निघून जातं.

मोजणी कुठून कुठपर्यंत करायची, यात घोळ होतो. शेवटचं इंजेक्शन घेतलं तो दिवस सुरुवातीचा, आणि गर्भनिरोधक वापरणं थांबवाल तो दिवस शेवटचा. पाळी चुकण्याचा किंवा टेस्ट पॉझिटिव्ह येण्याचा दिवस यात कुठेच येत नाही. इंजेक्शन आणि गोळी एकाच दिवशी बंद केली तर पहिल्याच महिन्यात दिवस राहू शकतात, आणि मग तो एक महिना नुसता कागदावर.

दिवाळीच्या हिशेबाने सांगतो. लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला, घटस्थापना त्याच्या एक महिना आधी. वहिनींचं शेवटचं इंजेक्शन घटस्थापनेच्या आत झालेलं हवं, आठवडाभर आधी झालं तर उत्तम. सेमाग्लुटाइड असतं तर श्रावण अमावास्येच्या आत.

पेनचं गणितही आधीच करा. माउंजारोच्या क्विकपेनमध्ये, म्हणजे इंजेक्शनच्या पेनमध्ये, चार डोस असतात. तारीख मध्येच आली आणि पेनमध्ये दोन डोस उरले, की 'एवढे महागाचे आहेत, घेऊन टाकू' असं होतं, आणि प्रत्येक जादा डोसमागे सगळी तारीख आठवडाभर पुढे सरकते. शेवटच्या पेनचा चौथा डोस ठरलेल्या तारखेच्या आत बसेल असं बघून ते पेन विकत घ्या. उरलेलं बाळंतपणानंतरसाठी फ्रिजमध्ये ठेवायचा विचार तर नकोच. पहिला डोस घेतल्यापासून ३० दिवसांनी ते पेन टाकून द्यायचं असतं.

गर्भनिरोधक गोळीचं वेगळं सांगतो, कारण चिठ्ठी लिहिताना आणि काउंटरवर दोन्हीकडे ते राहून जातं. टिर्झेपटाइडमुळे पोट हळू रिकामं होतं. पहिल्या ५ मि.ग्रॅ. डोसनंतर गोळीतल्या इथिनिल एस्ट्राडिऑल या हार्मोनची रक्तातली सर्वोच्च पातळी सुमारे ५९ टक्क्यांनी खाली आलेली मोजली गेली आहे. म्हणून लेबलवर स्पष्ट लिहिलंय: औषध सुरू केल्यावर ४ आठवडे, आणि दर वेळी डोस वाढवल्यावर पुन्हा ४ आठवडे, गोळीसोबत कंडोम वापरा किंवा तोंडाने न घ्यायचं साधन निवडा. माला-एन असो की महागडी पीसीओएसची गोळी, नियम तोच. तुमच्याकडे पुढच्या महिन्यात ५ चं ७.५ होणार आहे, म्हणजे तिथून चार आठवडे निव्वळ गोळीवर विसंबू नका. सेमाग्लुटाइडमध्ये गोळीचा असा परिणाम दिसलेला नाही, पण गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती गोळी पोटात गेलीच नाही असं धरायचं, औषध कोणतंही असो.

थोड्याच महिन्यांत बंद करायचं असेल तर ७.५ वर जायचं तरी कशाला, हा प्रश्न डॉक्टरांना नक्की विचारा. दर वाढीबरोबर मळमळ, उलट्या, जेवण तुटणं हे पुन्हा सुरू होतं. गर्भधारणेच्या तोंडावर ते नको.

निसर्गमित्र_बाळे:

एवढा किस पाडण्यापेक्षा सगळ्याच गोळ्या-इंजेक्शनं तीन महिने आधी बंद करा, मेटफॉर्मिन आणि बीपीचीसुद्धा. शरीर शुद्ध होऊ द्या. वजनासाठी आयुर्वेदिक फॅट बर्नर पावडर मिळते, तिचा साइड इफेक्ट नाही.

स्त्रीरोग_मंगळवारपेठ:

वरचा सल्ला पाळू नका. कारणं देते.

बीपीची गोळी स्वतःहून बंद केली तर बीपी वाढलेलं असतानाच दिवस राहतील. टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही हे खरंच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत त्याने बाळाच्या किडनीला इजा होते, गर्भजल कमी होतं. पण त्यावर उपाय बदल आहे, बंद करणं नव्हे. लॅबेटॅलॉल किंवा निफेडिपिन या गरोदरपणात चालणाऱ्या बीपीच्या औषधांवर आधीच नेतात आणि दोन-चार आठवडे बीपी स्थिर आहे ना ते बघतात. तुमच्या यादीतलं मला सर्वांत खटकलेलं औषध टेल्मिसार्टन आहे. सगळ्यांचं लक्ष इंजेक्शनवर असतं आणि ही छोटी गोळी तशीच चालू राहते.

मेटफॉर्मिन पीसीओएसमध्ये आणि साखरेसाठी गर्भधारणा होईपर्यंत सहसा चालूच ठेवतात. पुढे ठेवायचं की नाही ते तुमचे डॉक्टर ठरवतील. इंजेक्शन थांबल्यावर साखरेला तोच काय तो आधार उरणार आहे, तो काढू नका. फार दिवस मेटफॉर्मिन घेतलं की बी-१२ कमी होतं, शाकाहारी असतील तर ते तपासाच.

'फॅट बर्नर' पावडरींबद्दल: सिबुट्रामाइन नावाचं वजनाचं औषध हृदयविकाराच्या आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे भारतात २०११ मध्ये बंद झालं. जगभरात 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या पावडरींत आणि कॅप्सूलमध्ये तेच पुन्हा पुन्हा सापडत आलंय. पुडीवर घटक लिहिलेले नसतील तर बीपीच्या पेशंटने ती पुडी उघडूसुद्धा नये.

पीसीओएसमध्ये आणखी दोन औषधं बहुतेकदा दुसऱ्याच डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असतात, म्हणून विचारते: चेहऱ्यावरच्या केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन आणि पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइन. दोन्ही गर्भाला घातक. आयसोट्रेटिनॉइन बंद केल्यावर किमान एक महिना थांबावं लागतं. मायग्रेनसाठी टोपिरामेट चालू असेल तर तेही सांगा, त्याने बाळाच्या ओठ-टाळूत फट राहण्याचा धोका वाढतो. पण ते एकदम बंद करायचं नसतं.

आता मधल्या महिन्यात गर्भनिरोधन काय वापरायचं. कंडोम सर्वांत सोपा. कॉपर-टी बसवलेली असेल तर काढल्यावर लगेच गर्भधारणा होऊ शकते. सरकारी दवाखान्यात मिळणारं अंतरा इंजेक्शन यासाठी अजिबात नको. एक इंजेक्शन तीन महिन्यांचं असलं तरी पुन्हा दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिनेही लागतात, आणि वजन वाढतं ते वेगळंच. छाया ही गर्भनिरोधक गोळी पीसीओएसमध्ये टाळतात.

गर्भनिरोधक गोळी थांबवल्यावर पाळी लगेच नियमित येईलच असं नाही. दुसरीकडे, दहा किलो उतरल्यामुळे बीजांड सुटणं कदाचित केव्हाच सुरू झालेलं असेल. मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली की पीसीओएसमध्ये हे होतं, आणि इंजेक्शनवर असताना नकळत दिवस राहण्याचं तेच मोठं कारण. त्यात या औषधाची मळमळ आणि गरोदरपणाची मळमळ सारखीच, पाळीचा भरवसा नाही, म्हणून कळायलाच उशीर होतो. पाळी अनियमित असेल तर इंजेक्शन चालू असेपर्यंत दर चार आठवड्यांनी घरी युरिन टेस्ट करा.

टेस्ट पॉझिटिव्ह आली तर: पुढचा डोस घ्यायचा नाही, फोलिक ॲसिड चालू नसेल तर त्याच दिवशी सुरू करायचं, टेल्मिसार्टन बदलून घ्यायला त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचे. सहा ते आठ आठवड्यांत सोनोग्राफी करून नेमके किती दिवस झाले ते ठरवायचं. मग ११ ते १४ आठवड्यांत एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी बघणारी सोनोग्राफी) आणि १८ ते २० आठवड्यांत ॲनोमली स्कॅन (व्यंग बघणारी), हे सगळ्यांचे असतात तसेच.

केवळ इंजेक्शन घेतलं होतं म्हणून गर्भपाताचा निर्णय घेऊ नका. प्राण्यांवरच्या प्रयोगांत गर्भ दगावणं आणि व्यंग दिसलं, पण त्या माद्यांचं खाणं आणि वजनही खूप घटलेलं होतं. माणसांतली माहिती त्या मानाने बरीच दिलासा देणारी आहे. उत्तर युरोपातले काही देश, अमेरिका आणि इस्रायलमधल्या टाइप २ डायबिटीस असलेल्या ५० हजारांवर गर्भधारणांच्या नोंदी २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झाल्या. गर्भधारणेच्या आसपास सेमाग्लुटाइड-लिराग्लुटाइडच्या गटातली औषधं घेतलेल्यांत मोठी व्यंगं सुमारे ८.२ टक्के, इन्सुलिन घेतलेल्यांत ७.८. फरक नगण्य. दोन्ही आकडे मोठे दिसतात ते मुख्यतः डायबिटीसमुळे. औषध घेतलेल्या स्त्रिया त्यात हजाराच्या आतच होत्या आणि टिर्झेपटाइड तेव्हा नवं होतं, त्यामुळे 'सुरक्षित आहे, चालू ठेवा' असा अर्थ यातून निघत नाही. 'चुकून घेतलं गेलं तर घाबरू नका' एवढा निघतो.

फोलिक ॲसिड आजपासून. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत बंद होते, तोवर बऱ्याच जणींना दिवस राहिल्याचं कळलेलंही नसतं. सर्वसाधारण डोस ४०० मायक्रोग्रॅम. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३० च्या वर असेल तर ब्रिटिश पद्धतीत ५ मि.ग्रॅ. देतात, अमेरिकेत निव्वळ वजनासाठी डोस वाढवत नाहीत. वहिनींचा बीएमआय ८४ किलोला साडेतेहतीसच्या वर येतो, साखर काठावर आहे. मी असते तर ५ मि.ग्रॅ. लिहिलं असतं, आणि आपल्याकडे तीच गोळी सहज मिळते.

आहार_होटगीरोड:

वजनाच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून लिहिते.

थोडं वजन परत येणार, हे धरूनच चाला. सेमाग्लुटाइड थांबवल्यानंतरच्या पाठपुराव्यात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग वर्षभरात परत आलेला दिसला. टिर्झेपटाइडची गतही वेगळी नाही. भूक दोन-तीन आठवड्यांत जाणवायला लागते आणि ती खरी भूक असते, जिभेचे चोचले नव्हेत. पण पैसे पाण्यात गेले असं नाही: कमी वजनावर, सुधारलेल्या साखरेवर आणि सुरू झालेल्या बीजांडावर गर्भधारणा होणं हाच त्याचा उपयोग. आदर्श वजन येईपर्यंत थांबायचा हट्ट नको.

इंजेक्शनवर भूक मेलेली असताना खाण्यातलं प्रोटीन सगळ्यांत आधी तुटतं आणि चरबीबरोबर स्नायूही जातात. ते आत्ताच भरायला घ्या, थांबवल्यावर नव्हे. दिवसाला ६० ते ७० ग्रॅम धरा. एका मध्यम ज्वारीच्या भाकरीत जेमतेम ४ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात ६-७, अंड्यात ६, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, कोरड्या ३० ग्रॅम सोयाबीन वड्यांत १५-१६. शेंगा चटणीवर फार भिस्त नको. प्रोटीन आहे, पण मोठ्या चमच्याला ८०-८५ कॅलरी, आणि आपल्याकडे चटणी चमच्याने मोजून कोण घेतं!

तारखांमध्ये एक अडचण दिसते. शेवटचं इंजेक्शन घटस्थापनेच्या आधी, आणि लगेच नऊ दिवसांचे उपवास. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रोटीन नाहीच. औषध उतरत असताना आणि साखर वर यायला निघालेली असताना नऊ दिवस खिचडी-वडे म्हणजे दुहेरी मार. उपवास धरायचाच असेल तर दूध, दही, ताक, पनीर, राजगिरा आणि माफक शेंगदाणे यांवर धरा. कोजागरीला तुळजापूरला चालत जायचं असेल तर पाणी आणि मीठ-साखर सोबत ठेवा, मेटफॉर्मिन उपाशीपोटी घेऊन निघू नका.

दिवस राहिल्यावर डाएट करून वजन उतरवायचं नसतं. बीएमआय ३० च्या वर असेल तर पूर्ण गरोदरपणात ५ ते ९ किलो वाढ पुरेशी मानतात. औषध थांबवून लगेच गर्भ राहिलेल्यांत याहून जास्त वाढ होण्याकडे कल दिसतो, म्हणून सुरुवातीपासून दर दोन आठवड्यांनी वजन लिहून ठेवा.

जुळे_सोलापूरकर:

खूपच उपयोगी. स्पायरोनोलॅक्टोनचं नाव वाचून वहिनीची जुनी फाइल काढली, स्किनच्या डॉक्टरांनी दिलेलं होतं, अजून चालू आहे! उद्याच फोन करते. अजून दोन शंका. दादाही वजनासाठी सेमाग्लुटाइड घेतोय, त्यालाही थांबवावं लागेल का? आणि तपासण्या कोणत्या?

औषधवाला_सातरस्ता:

पुरुषांसाठी लेबलवर असा थांबायचा कालावधी दिलेला नाही. त्यांचं चालू राहू शकतं, डॉक्टरांच्या कानावर घाला म्हणजे झालं. फक्त घरात दोन पेन असतील तर फ्रिजमध्ये नाव लिहून वेगळी ठेवा. वहिनींचं बंद झाल्यावर भूक वाढली की 'दादाच्या पेनमधला एक छोटा डोस' हा मोह होतो. ते सेमाग्लुटाइड आहे, एका डोसने एक महिन्याचा हिशेब दोन महिन्यांवर जाईल.

रायबेल्सस वापरणाऱ्या कुणी हे वाचत असतील तर: गोळी रोजची असली तरी घटक सेमाग्लुटाइडच, त्यामुळे दोनच महिने. 'गोळी आहे, दोन दिवसांत उतरेल' हे चूक. ऑर्लिस्टॅट हे वजनाचं औषध घेणाऱ्यांनीही ते प्रयत्नांच्या आधी थांबवावं. ते चरबीबरोबर ए, डी, ई, के ही व्हिटॅमिनंही बाहेर काढतं. चालू असेपर्यंत मल्टिव्हिटॅमिन त्याच्यापासून निदान दोन तास लांब ठेवा.

स्त्रीरोग_मंगळवारपेठ:

स्पायरोनोलॅक्टोन सापडलं हे बरं झालं. ते बीपीवरही काम करतं, त्यामुळे ते काढताना आणि टेल्मिसार्टन बदलताना बीपी दोन्हींच्या हिशेबाने बघावं लागेल. फोनवर दोन्ही औषधांची नावं एकत्र सांगा.

तपासण्या: सीबीसी आणि फेरिटिन (रक्त आणि लोह), बी-१२, व्हिटॅमिन डी, टीएसएच (थायरॉइड), क्रिएटिनिन (किडनी), रुबेला आयजीजी (रुबेला म्हणजे जर्मन गोवर, त्याची प्रतिकारशक्ती आहे का ते). रुबेलाची प्रतिकारशक्ती नसेल तर लस घेऊन एक महिना थांबावं लागतं. तो महिना इंजेक्शनच्या महिन्यातच बसवता येतो, म्हणून ही टेस्ट आधी. थायरॉइडची गोळी चालू असेल तर वजन उतरल्यावर डोस बदलू शकतो, टीएसएच २.५ च्या खाली ठेवतात.

एचबीएवनसी आत्ता करा, पण त्यावर थांबू नका. ती तीन महिन्यांची सरासरी असते, इंजेक्शन चालू असतानाचा चांगला आकडा त्यात मिसळलेला असणार. थांबवल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर बघा, खरं चित्र तिथे दिसेल. एचबीएवनसी ६.५ च्या खाली असताना प्रयत्न सुरू केलेले चांगले. दिवस राहिल्यावर पहिल्याच भेटीत ७५ ग्रॅम ग्लुकोजची टेस्ट होईल, दोन तासांनी १४० किंवा वर आली तर गरोदरपणातला डायबिटीस. ती नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची.

पुढेमागे लॅप्रोस्कोपी किंवा आयव्हीएफचं एग पिकअप (स्त्रीबीज काढणं) ठरलं, तर भूलतज्ज्ञांना शेवटच्या इंजेक्शनची तारीख सांगायची. पोट हळू रिकामं होत असल्यामुळे रात्रभर उपाशी असूनही पोटात अन्न राहू शकतं आणि भुलेखाली ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. फिजिशियन, स्किन आणि स्त्रीरोग, तिघांच्या चिठ्ठ्या एकाच प्लास्टिक फोल्डरमध्ये घेऊन या. सिव्हिलमध्ये असो की खाजगीत, एकाने काय लिहिलं ते दुसऱ्याला आपोआप कळत नाही.